काकांची पिकअप

"सेकंडहँड डिझेल पिकअप घ्यायचीय, कुठल्या सालची बघू रे?" गावाहून काकांचा फोन. सॉफ्टवेअरवाल्याला हे विचारायचं म्हणजे... असो. मी ठोकून दिलं, २०२० नंतरची, बीएस-६! नवं व्हर्जन ते चांगलं.

चुकलो राव. बीएस-६ डिझेलमध्ये बहुतेक ठिकाणी काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी बराच वेळ तापून पळावी लागते. काकांची फेरी शेत ते नारायणगावचं टोमॅटो मार्केट, जेमतेम सहा किलोमीटर! फिल्टर तुंबला की टोमॅटोची पट्टी थेट गॅरेजवाल्याच्या खिशात.

रात्री परत फोन केला. म्हटलं, २०१८-१९ची बीएस-४ बघा. आणि आरसीवर उत्पादनाचा महिना तपासा, नोंदणीचं साल फसवतं. ती धूर जास्त सोडणार, हे मला खुपतंच. पण हप्ते काका भरणार आहेत.