पद्मिनी जपाल, पण तिचं इंजिन कोण लावणार?

30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी दिसत नाही. टॅक्सीची 20 वर्षांची वयोमर्यादा संपली आणि काळी-पिवळीसाठी सगळे हळहळले. पण तिच्याबरोबर गॅरेजमधल्या मेस्त्रींचा रोजचा सरावही गेला, त्यावर फारसं कुणी बोललं नाही.

पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं. (शेवटी बऱ्याच टॅक्सी सीएनजीवर होत्या, पण इंजिन तेच.) त्याला स्कॅनर लावून बिघाड कळत नाही. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट फीलर गेजने मोजता येते, टायमिंग मात्र जुने मेस्त्री कानाने लावतात.

मग मॅन्युअल जपून ठेवलं तर? तेवढ्याने भागत नाही, कारण पेट्रोलच बदललंय. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. नव्या गाडीत सेन्सर बघून कॉम्प्युटर इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरमधल्या जेटचं भोक मात्र ठरलेल्या मापाचं. त्यामुळे मिश्रण 'लीन' होतं, इंजिन अडखळतं. जुने रबरी पाइपही इथेनॉलने खराब होतात. यावरचा इलाज छापील पुस्तकात नाही, तो आज गॅरेजमध्येच शोधला जातोय.

केंद्राने 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो. चांगलंच आहे. पण 1995 ची पद्मिनी त्यात 2045 मध्ये बसेल. आज साठीत असलेला मेस्त्री तेव्हा ऐंशीच्या पुढे असेल. कितव्या नंबरचा जेट बसवला, कुठला पाइप टिकला, हे त्याच्याकडून मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्यायला कुठल्याही नियमाची गरज नाही.