नावे झाली, आता वाट हवी

मार्च महिन्याची आठ तारीख आली की नगर जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या सभागृहांत सावित्रीबाई व अहिल्याबाई यांच्या प्रतिमा मांडल्या जातात, हार घातले जातात, वक्त्यांची भाषणे होतात आणि विद्यार्थिनी टाळ्या वाजवितात. हा उत्सव आम्हांस अप्रिय आहे, असे कोणी समजू नये. ज्या समाजाने आपल्या स्त्रियांचा इतिहास शतकानुशतके लिहिलाच नाही, त्याने वर्षातून एक दिवस तरी तो मोठ्याने वाचावा, हे इष्टच होय. आमचा प्रश्न हार सुकल्यानंतरचा आहे. आज टाळी वाजविणारी प्रथम वर्षाची मुलगी तीन वर्षांनी पदवीधर होऊन बाहेर पडते की मधूनच नाहीशी होते, हे आपण कधी मोजले आहे काय?

हा प्रश्न इतर कोणत्याही शहरापेक्षा नगरास विचारणे अधिक रास्त आहे. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईस आली आणि १८३९ पासून १८६२ साली मृत्यू येईपर्यंत या नगरात मुलींच्या शिक्षणासाठी झटत राहिली. १८४८ साली तरुण जोतीराव फुले आपले मित्र सदाशिवराव गोवंडे यांजकडे येथे आले असता त्यांनी फरारबाईंची शाळा पाहिली, आणि पुण्यास परतून त्याच वर्षी भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली. सावित्रीबाईंनीही शिक्षिकेच्या कामाचे धडे फरारबाईंच्या हाताखाली घेतले. त्या शाळेत जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण व दगड पडले, तरी त्या मागे फिरल्या नाहीत. पुढे फुले यांच्या शाळेतील चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने आपल्या जातीबांधवांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, आणि तो १८५५ साली छापला तो ‘ज्ञानोदया’ने. हे पत्रही १८४२ साली या नगरातूनच निघू लागले होते. म्हणजे पुण्यात जो दिवा लागला, त्याची वात नगरात वळली गेली होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हा वारसा आपण विसरलो, असेही म्हणता येत नाही. पुणे विद्यापीठास २०१४ साली सावित्रीबाईंचे नाव मिळाले. चौंडी येथे १७२५ साली जन्मलेल्या आणि पुढे इंदूर संस्थानाचा कारभार जवळजवळ तीन दशके चालविलेल्या अहिल्याबाईंचे नाव २०२४ साली जिल्ह्यास मिळाले. शहराबाहेरील डोंगरावर सलाबतखानाची कबर आहे. तिलाही आपले लोक चांदबिबीचा महाल म्हणतात. नावे देण्यात आम्ही कोणास हार जाणारे नाही. परंतु नाव देण्यास एक ठराव पुरतो. मुलीस पदवीपर्यंत पोहोचविण्यास रोजचा खर्च, रोजची गाडी आणि रोजचा धीर लागतो.

एकच उदाहरण पुरे आहे. ग्रामीण भागातील मुलींस एस.टी.चा मोफत पास देणारी राज्याची योजना अहिल्याबाईंच्याच नावाने चालते. पण ती बारावीस संपते. जेथे महाविद्यालयाची पदवी सुरू होते, नेमका तेथेच हा आधार सुटतो. पुढे विद्यार्थ्यांच्या सवलतीचा पास असतो, त्यात भाड्याचा तिसरा हिस्सा भरावा लागतो. शहरातील व्यापाऱ्यास ही रक्कम क्षुल्लक वाटेल; पण पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबात त्याच रकमेवरून मुलीचे शिक्षण की लग्न, याचा निर्णय होऊन जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले आढळले. पाचांत एकीहून अधिक! कायदा २००६ चा, आणि ही स्थिती त्यानंतर तेरा-पंधरा वर्षांनीची.

कोणी म्हणेल की, २०२४ पासून ठरावीक प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ झाले आहे. आता आणखी काय हवे? ही माफी स्वागतार्हच आहे. परंतु शुल्क माफ झाले म्हणून खोलीचे भाडे व खानावळ माफ होत नाही, आणि साध्या कला वा वाणिज्य शाखेत शिकणारी मुलगी त्या माफीत येतही नाही. दुसरा कोणी म्हणेल की, बापच मुलीस काढून नेतो, तेथे महाविद्यालय काय करणार? आमचे उत्तर असे की, बाप बहुधा दुष्टपणाने नेत नाही, भीतीने नेतो. संध्याकाळची गाडी चुकली तर काय, वाटेत कोणी छेडले तर काय, ही ती भीती. ती उपदेशाने जात नाही, व्यवस्थेने जाते.

म्हणून महाविद्यालयांच्या चालकांस आमची तीन मागणी आहेत. पहिली, प्रथम वर्षास किती मुली आल्या, तृतीय वर्षास किती पोहोचल्या व मधल्या कोणत्या कारणाने गेल्या, याचा आकडा त्यांनी दर आठ मार्चला त्याच सभागृहात वाचून दाखवावा. दुसरी, तासांचे वेळापत्रक गावाकडील शेवटच्या गाडीकडे पाहून आखावे. तिसरी, २०१३ च्या कायद्याप्रमाणे नेमलेल्या तक्रार समितीच्या सदस्यांची नावे दर्शनी भिंतीवर लावावीत, म्हणजे घाबरलेल्या मुलीस दार शोधत फिरावे लागणार नाही.

आणि बाजारपेठेतील आमच्या वाचकांस एक विनंती. आपण दिवाळीस नवी वही घालता आणि वर्षाचा जमाखर्च पाहता. त्या वहीत एका मुलीच्या पासाचे एक पान उघडा. देणगीदार म्हणून संगमरवरी पाटीवर नाव कोरून घेण्यापेक्षा हा खर्च फार थोडा आहे, आणि त्याची जमा दिसण्यास तीन वर्षे पुरतात. १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी या शहरात अहमदनगर महाविद्यालय उभे केले, ते उच्च शिक्षण येथील मुलामुलींच्या आवाक्यात यावे म्हणून. ते आवाक्यात आणण्याचे काम इमारत उभी राहिल्याने संपले नाही. वर्गात आलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊन बाहेर पडेल, तेव्हाच ते संपेल.

सावित्रीबाईंच्या नावाचे पदवीपत्र, अहिल्याबाईंच्या नावाचा जिल्हा! या दोन नावांमधली वाट ज्या दिवशी गावाकडच्या मुलीस निर्धोक होईल, त्या दिवशी आम्हीही हार घेऊन सभागृहात येऊ. तोपर्यंत हारांच्या आधी हिशेब मागणे, हेच आम्ही आपले कर्तव्य समजतो.