आधी वाचा, मग सही करा



गेल्या अंकात आम्ही बर्फ उपसण्याच्या यंत्राचं पुराण लावलं होतं. त्यावर वाचकांचे बरेच फोन आले. दोघांनी तर आपापलं यंत्र आम्हाला स्वस्तात देऊ केलं. त्या यशाने हुरळून न जाता या वेळी आम्ही जरा नाजूक विषयाला हात घालतो आहोत. विषय आहे वाचन. आमचं वाचन, आणि आमच्या पंधरा वर्षांच्या कन्येचं.

गेलं वर्षभर आम्ही दर आठवड्याला एक 'यंग अडल्ट' कादंबरी वाचतो आहोत. हसू नका. शेहेचाळीस वर्षांचा, डोक्यावरचे केस मोजता येतील असा, इंजिनिअर माणूस मेट्रोपार्कहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या गाडीत बसून शाळकरी पोरींची पुस्तकं वाचतो, हे दृश्य विनोदी आहे याची आम्हाला कल्पना आहे. पहिले काही दिवस आम्ही पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून नेत होतो. लहानपणी पाठ्यपुस्तकाच्या आत चांदोबा लपवायचो, त्याचीच ही पुढची इयत्ता.

आमचा आठवडा असा असतो. कन्या वाचून झालेली पुस्तकं जिन्याच्या खालच्या पायरीवर रचून ठेवते. त्यातल्या ज्या पुस्तकातून कागदाची पिवळी चिठ्ठी डोकावते ते बाबासाठी. बाकीच्यांकडे बघायचं नाही, असा करार आहे. सोमवार ते गुरुवार जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास. (येताना त्यातला निम्मा डुलकीत जातो.) शुक्रवारी रात्री जेवणं झाली की डिशवॉशरमध्ये भांडी लावता लावता आमची तोंडी परीक्षा. शनिवारी सकाळी तिला नृत्याच्या क्लासला सोडायचं आणि सगळा गठ्ठा गावच्या वाचनालयात परत करायचा. रविवारी मराठी शाळा, की पुन्हा सोमवार.

हे खूळ शिरलं कसं, ते सांगतो.

मागच्या वर्षी एका मित्राकडे जेवायला जमलो होतो. पावभाजीचा दुसरा राउंड चालू होता आणि एक कागद फिरत फिरत आमच्यापर्यंत आला. शाळेच्या वाचनालयातून एक पुस्तक काढून टाकावं, अशी पालकांची मागणी होती. सोबत त्या पुस्तकातल्या दोन पानांची झेरॉक्स, त्यावर पिवळ्या पेनाने रंगवलेली चार वाक्यं. ती वाक्यं वाचून आमच्याही कपाळावर आठी पडली. खिशातून पेन निघालं. भोवती आम्ही दहाबारा आईबाप बसलो होतो, त्यातल्या एकानेही ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. पण वाचायला कशाला पाहिजे? रंगवलेलं होतं ना!

तेवढ्यात कन्या पाणी घ्यायला आली. कागद बघितला आणि तिच्या त्या अमेरिकन मराठीत म्हणाली, "बाबा, तू वाचलंयस का ते?"

"नाही. तू?"

"हो. दोनदा."

झालं. पेन खिशात परत गेलं. हिने ते दोनदा वाचलं तेव्हा आपण काय करत होतो, हा प्रश्न घरी येईपर्यंत डोक्यात घोळत राहिला.

ते पुस्तक म्हणजे लॉरी हॉल्स अँडरसन यांचं 'स्पीक'. १९९९ सालचं. नववीतली मेलिंडा नावाची मुलगी. उन्हाळ्याच्या सुटीत एका पार्टीत वरच्या वर्गातला मुलगा तिच्यावर अत्याचार करतो. ती घाबरून पोलिसांना फोन लावते, पोलीस येतात, पार्टी मोडते. का फोन केला ते तिला कुणालाच सांगता येत नाही आणि पार्टी मोडली म्हणून सगळी शाळा तिला वाळीत टाकते. मग ती हळूहळू बोलणंच बंद करते.

आम्ही ते दोन दिवसांत संपवलं. रंगवलेली वाक्यं आली आणि गेली, लक्षातही राहिली नाहीत. लक्षात राहिली ती वेगळीच गोष्ट. मेलिंडाचे आईवडील काही दुष्ट नाहीत. कामात असतात, इतकंच. त्या घरात एकमेकांशी बोलणं व्हायचं ते स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलेल्या चिठ्ठ्यांतून. आम्ही पुस्तक मिटलं आणि आमच्या फ्रिजकडे बघितलं. 'डाळ गरम करून घे.' 'मीटिंग आहे, उशीर होईल.' 'गणिताचा पेपर कसा गेला?' या शेवटच्या चिठ्ठीखाली उत्तर होतं, 'ओके.' मंडळी, जेवण घशाखाली उतरेना.

अशा सह्या सध्या इथे खूप गोळा होतात. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २०२३ साली ज्या पुस्तकांवर आक्षेप घेतले गेले त्यांची मोजदाद केली, ती ४,२४० वेगवेगळ्या पुस्तकांची निघाली. त्यातल्या किती सह्या पुस्तक वाचून झाल्या असतील? आमची तरी होणार नव्हती.

आता कुणी म्हणेल, आपल्या लहानपणी हे असलं काही नव्हतं. हो? आठवून बघा बरं. कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या छोट्याशा वाचनालयात आम्ही आधी 'फास्टर फेणे' संपवला, मग 'गोट्या', मग 'चिंगी'. चौदाव्या वर्षी बालविभागाचं कपाट संपलं. पुढे काय? पुढे थेट मोठ्यांचं कपाट. तिथून आम्ही उचलली 'ययाति'. खांडेकरांची, ज्ञानपीठ मिळालेली! घरी केवढं कौतुक झालं. आजोबांनी शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं. आता ययातीची कथा काय आहे, ती आम्ही इथे सांगायला नको. वासनेने आंधळा झालेला राजा पोराकडे त्याचं तारुण्य मागतो! आम्हाला त्यातलं निम्मं कळलं नाही आणि जे कळलं ते कुणाला विचारायची सोय नव्हती. पण पुराणातलं म्हणून कुणी झेरॉक्स काढून रंगवलं नाही.

म्हणजे आम्ही 'फास्टर फेणे'वरून उडी मारली ती एकदम 'ययाति'वर. मधली पायरीच नव्हती. अपवाद असतील, 'किशोर' मासिक होतं, चांगलं होतं. पण चौदा-पंधराच्या वयात पोटात जे कालवतं त्यावर कुणी आमच्याशी आमच्या भाषेत बोललं नाही. ती पायरी मराठीत आमच्यासाठी आली ती फार उशिरा. मिलिंद बोकिलांची 'शाळा' २००४ सालची. तोवर आम्ही एम.एस. करायला इथे येऊन दोन वर्षं झाली होती.

इथे ती पायरी आधीपासून आहे. १९६७ साली 'द आऊटसायडर्स' आलं. त्याची लेखिका एस. ई. हिंटन हिने ते लिहायला घेतलं तेव्हा ती स्वतःच शाळेत होती. ओक्लाहोमातल्या टल्सा गावची मुलगी. मुलांच्या टोळ्यांवर मुलीने लिहिलेलं कोण गंभीरपणे घेणार, म्हणून नावाची नुसती आद्याक्षरं छापली. कन्येने पहिली पिवळी चिठ्ठी घातली ती याच पुस्तकात.

आता आमची मतं. वर्षभरात चाळीसएक पुस्तकं झाली, तेव्हा मत द्यायचा अधिकार आला असं आम्ही मानतो. इंजिनिअर असल्यामुळे आम्ही कोष्टकही केलं आहे. (सौ. त्याला पंचांग म्हणते.)

पहिली तक्रार. या पुस्तकांत आईबापांची धडगत नाही. 'आऊटसायडर्स'मधल्या पोनीबॉयचे आईवडील मोटार अपघातात गेलेले. 'हंगर गेम्स'मधल्या कॅटनिसचे वडील खाणीतल्या स्फोटात. जिथे जिवंत आहेत तिथे कामावर आहेत. आम्ही हे शुक्रवारी चिडून बोललो, तर कन्या म्हणते, "बाबा, वडील असते तर कॅटनिसला जाऊ दिलं असतं का?" मुद्दा बिनतोड होता. आपला बन्या तरी कुठे आईबापांजवळ होता? ते फुरसुंगीला आणि हा पुण्यात विद्याभवनच्या वसतिगृहात, म्हणून तर त्याला गुन्हेगारांच्या मागे सायकल दामटता आली.

दुसरी तक्रार. एका पुस्तकात मावणारी गोष्ट तीन-तीन भागांत ताणतात. आमटीत पाणी किती घालायचं याला काही मर्यादा असावी.

तिसरी. एक मुलगी आणि दोन मुलगे, हिला कोण आवडतो ते चारशे पानं कळत नाही. आम्हाला चाळिसाव्या पानावर कळतं.

पण काही पुस्तकं अशी भेटली की आमचं गाडीतलं स्टेशन चुकता चुकता राहिलं. जीन लुएन यांग यांचं 'अमेरिकन बॉर्न चायनीज' त्यातलं एक. २००६ साली आलेलं, चित्रांतून सांगितलेलं. किशोरांच्या पुस्तकांसाठीचं प्रिन्ट्झ पारितोषिक मिळालेलं ते पहिलं चित्रकादंबरी पुस्तक. आधी वाटलं, कॉमिक तर आहे, सोमवारीच संपेल. त्यात जिन नावाचा चिनी वंशाचा मुलगा शाळेत डब्यातले डंपलिंग खातो आणि पोरं त्याची टर उडवतात. आमची कन्या सहावीत असताना एक दिवस म्हणाली होती, "उद्यापासून पोळीभाजी नको, सँडविच दे." सौ.ला वाटलं, भाजी आवडत नाही. तिने भाज्या बदलून बघितल्या. फ्लॉवर झाला, बटाटा झाला, भेंडी झाली. तो डबा का परत येत होता हे आम्हाला चार वर्षांनी, राहवे स्टेशनच्या आसपास, एका चिनी मुलाने सांगितलं.

पद्मा वेंकटरामन यांचं 'क्लाइम्बिंग द स्टेअर्स' हे दुसरं, २००८ सालचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली मुंबईची विद्या. वडील एका मोर्चात पोलिसांच्या लाठ्यांनी जायबंदी होतात आणि कुटुंबाला मद्रासला आजोबांच्या कर्मठ घरात जावं लागतं. पुस्तकांची खोली वरच्या मजल्यावर, आणि वरचा मजला पुरुषांचा. ही जिना चढते. आमच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर हे पुस्तक ठेवताना कन्येला गंमत सुचली होती की नाही ते आम्ही विचारलं नाही.

सगळंच वाचनीय आहे असं आमचं म्हणणं नाही. काही पुस्तकं भडक असतात, काही नुसती रडकी. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात पंधरा वर्षांच्या मुलाचं पुस्तक देऊ नये, हेही आम्हाला पटतं. पण ते ठरवायला आधी ते वाचायला हवं. आणि सौ.ने एकदा सुनावलं तेही बरोबर होतं: "तिची सगळी पुस्तकं तपासू नका. तिचं तिला काही राहू द्या." म्हणून तर पिवळ्या चिठ्ठीचा करार.

शेवटी एक गोष्ट सांगायची आहे. सांगावी की नाही यावर घरी चर्चा झाली, कन्येने परवानगी दिली म्हणून सांगतो.

मागच्या हिवाळ्यात एकदा क्लासहून परत येताना गाडीत ती बराच वेळ गप्प होती. मग समोर बघतच म्हणाली, "बाबा, 'स्पीक' आठवतं? माझी एक मैत्रीण आता तशी झालीय. कुणाशीच बोलत नाही. मी काय करू?"

त्या मैत्रिणीची हकिकत इथे देणार नाही, ती आमची नाही. आम्ही गाडी बाजूला घेतली, घरी जाऊन सौ.शी बोललो आणि सोमवारी दोघी मायलेकी शाळेतल्या समुपदेशिकेला भेटल्या. वेळेवर भेटल्या, एवढंच सांगतो. ती मुलगी परवा आमच्याकडे थालीपीठ खाऊन गेली. लोणी दोनदा मागून घेतलं.

पण आम्ही अजून विचार करतो. ती सही झाली असती तर? कन्येने 'तशी' हा एकच शब्द उच्चारला आणि आम्हाला सगळं कळलं, कारण आम्ही ते पुस्तक वाचलेलं होतं. नाहीतर तिला तो विषय काढायला शब्द कुठून मिळाले असते? आणि आमच्यापाशी काढला असता का? फ्रिजवर 'ओके' लिहून मोकळी झाली असती.

आता परतफेड चालू आहे. तिला मराठी वाचायला जड जातं, म्हणून दर गुरुवारी रात्री आम्ही तिला 'शाळा' मोठ्याने वाचून दाखवतो. एका वेळी चार पानं. आणीबाणी समजावून सांगता सांगता आमची दमछाक झाली. 'लाइन देणे' म्हणजे काय, हे सांगताना तर सौ. हसत हसत खोलीबाहेर गेली. कन्येने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे क्रश. बाबा, तुला कुणी दिली होती?"

आम्ही पान उलटलं.

तर मंडळी, पुढच्या वेळी जेवताना एखादा कागद फिरत आला, तर पावभाजी थंड होऊ देऊ नका, पण पेनही लगेच काढू नका. आधी तुमच्या पोराला विचारा, 'तू वाचलंयस का?' आणि पोर 'हो' म्हणालं तर ते पुस्तक मागून घ्या. कव्हर घालायचं असेल तर वर्तमानपत्र आम्ही देऊ.