तांदळाच्या डब्यातले पुस्तक

दापोडीहून एका ताईंचे पत्र आले आहे. नाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे, म्हणून छापत नाही. ताई चार घरची धुणीभांडी करतात, दादा रिक्षा चालवतात. मुलगा नववीत. वहीखाली एक जाडजूड पुस्तक लपवून तो रात्री उशिरापर्यंत वाचत बसतो. त्यात तलवारी आहेत, भुयारे आहेत, जादूगार आहेत. ताईंनी ते पुस्तक काढून घेतले आणि तांदळाच्या डब्यात तळाशी घातले. पोरगा दोन दिवस नीट जेवला नाही. ताई विचारतात, "बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले, ते असली थोतांडे वाचायला का? पुस्तक रद्दीत घालू की परत देऊ?"

ताई, उत्तराआधी एक कबुली देतो. हा रोग आम्हालाही होता. अजून पुरता गेलेला नाही.

आमचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. वाचायचा नाद त्यांना. पेठेतल्या एका वाचनालयात ते वर्गणी भरायला गेले होते. नाव सांगितले, वस्तीचा पत्ता सांगितला, तेव्हा सभासद पुरे झाले असे उत्तर मिळाले. मागून आलेल्या माणसाची पावती मात्र लगेच फाटली. वडील घरी येऊन काही बोलले नाहीत. पण तेव्हापासून आमचे वाचनालय म्हणजे मंगळवार पेठेतला जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी भरणारा. नटबोल्ट, जुने स्टोव्ह, फुटके कंदील यांच्या शेजारी गोणपाटावर पुस्तके पडलेली असत. पुढची-मागची पाने गेलेली, म्हणून तर आपल्याला परवडत.

तिथेच त्यांना 'वीरधवल' मिळाले. आम्ही तेव्हा दुसरीत होतो.

ही नाथमाधवांची कादंबरी १९१३ सालची. मराठीत असल्या गोष्टी त्याच्याही आधीपासून आहेत. हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ ची. विद्वान मंडळी त्यांना 'अद्भुतरम्य' म्हणतात आणि पुढे जातात. वडिलांना विद्वानांशी कर्तव्य नव्हते. त्यांना नाथमाधव आवडायचे ते वेगळ्याच कारणाने. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. शिक्षण संपल्यावर हा माणूस कुलाब्याला तोफांच्या कारखान्यात नोकरीला लागला. शिकारीचा छंद. १९०५ साली आपल्या सिंहगडावर शिकारीला आला आणि कड्यावरून कोसळला. कमरेखालचे अंग लुळे पडले. पुढे अंथरुणावर पडल्या पडल्या वाचन केले, मग लिहायला घेतले, आणि १९२८ साली वारला तोपर्यंत लिहीत राहिला. "आपल्यासारखाच कारखान्याचा माणूस," वडील म्हणायचे. "स्वतःला उठता येईना, पण घोडे बघ कसे पळवलेत!"

रात्री जेवणे झाली की वडील मोठ्याने वाचत. चाळीतली चार पोरे उंबऱ्यात येऊन बसत. आई भांडी घासता घासता ऐके. घोटाळा व्हायचा तो पाळी बदलली की. रात्रपाळी लागली की गोष्ट आठवडाभर अडून राही. कुणीतरी तलवार उपसलेली, कुणीतरी तळघरात कोंडलेले, आणि वडील कारखान्यात! आईला हे सोसेना. आई शाळेत गेलेली नव्हती. एका दुपारी तिने आमची पाटी पुढे ओढली आणि म्हणाली, "ह्यो 'क' कसा काढत्यात, दाव मला."

आम्ही दाखवला. पाच-सहा महिने लागले. जोडाक्षरांशी तर तिचे भांडणच होते; 'क्ष' आला की ती तो शब्द सोडून पुढे जाई. पण 'वीरधवल'ची शेवटची पाने आईने वडिलांच्या आधी वाचून काढली आणि सकाळी ते पाळीवरून आले तेव्हा शेवट सांगून टाकला. वडील चहा न पिता झोपले.

हिंदीत देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' १८८८ साली निघाली, ती वाचायला कित्येक जण हिंदी अक्षरे शिकले असे सांगतात. १९९४ साली दूरदर्शनवर तिची मालिका लागली तेव्हा आमच्या वस्तीत रविवारी सकाळी नळावर कोणी नसायचे. आमच्या आईसारख्या किती जणी कुठल्या गोष्टीपायी पाटीला बसल्या असतील, त्याची नोंद कुठल्या शाळेच्या दप्तरात सापडायची नाही.

या पुस्तकांत खोट नव्हती असे नाही. खोट आमच्या आजीने पकडली. ती भिंतीला टेकून ऐकायची, हूं हूं करायची. एकदा मध्येच म्हणाली, "येवढा मोठा राजवाडा, त्याची झाडलोट कोण करतंय रं? त्याचं नाव न्हाई लिवलेलं?" वडील थांबले. पुस्तकात नव्हतेच. राजा, प्रधान, सरदार, राजकन्या सगळे होते. वेशीबाहेरचे कोणी नव्हते. आणि बाया तर काय, पळवून न्यायला आणि सोडवून आणायला तेवढ्या. पुढे बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड आम्ही ढिगाने वाचले, मजा आली, पण आजीचा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर १९७२ च्या दुष्काळात आमच्या घरी आले. मामा-मामी बार्शीकडून आमच्याकडे आले होते. गावी खडी फोडायची आणि सुकडीवर दिवस काढायचा, तेही निभेना तेव्हा पुण्याची वाट धरली. दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही नऊ माणसे. त्याच सुमारास वडिलांनी जुन्या बाजारातून 'फकिरा' आणली. अण्णाभाऊ साठे यांची ही कादंबरी १९५९ ची. १९६१ साली तिला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. वाटेगावचा हा माणूस शाळेत गेला दीड दिवस. अक्षरे शिकला ती मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचून. कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे.

वडील रात्रपाळीला, म्हणून आई वाचत होती. घोडा आहे, तलवार आहे, रात्रीची दौड आहे, जोगणीसाठी जीव देणारा बाप राणोजी आहे. 'वीरधवल'मध्ये होते ते सगळे आहे, पण तलवार मांगाच्या पोराच्या हातात आहे. आम्ही महारवाड्यातून आलेलो. दोन्ही वस्त्यांत पूर्वी पाणी वेगळे होते, हे आजीला चांगले माहीत. तरी ती सरसावून पुढे आली. म्हणाली, "ह्यो आपल्याच वेशीभाईरचा हाय."

फकिरा उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो ती पाने आली. आई अडखळत वाचत होती. मामी पदराने डोळे पुसत होती. मामा खाली बघून बसले होते. पान संपले तेव्हा ते हळूच म्हणाले, "अक्का, पुन्यांदा वाच."

आईने पुन्हा वाचले. त्या रात्री तिसऱ्यांदाही वाचले.

पुढे वर्षावासात आमच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचायचे काम बरीच वर्षे आईकडे होते. 'क्ष' तिला तोवर जमला होता.

तेव्हा ताई, पोराच्या पुस्तकाला थोतांड म्हणताना जरा थांबा. बाबासाहेबांच्या लहानपणीही शाळेबाहेरच्या पुस्तकांवरून घरात कुरबूर होई. अभ्यास सोडून दुसरे वाचतो हे रामजीबाबांना फारसे रुचत नसे. पण भीमाला पुस्तक हवे म्हटले की हेच रामजीबाबा लेकीच्या दारी उसने पैसे मागायला जात, प्रसंगी तिचा दागिना गहाण पडे. ती पुस्तके कुठली ते त्यांनी फार तपासले नसावे.

अभ्यास आधी, हे मात्र सोडू नका. गणित झाल्याशिवाय तलवार नाही, असे स्पष्ट सांगा. आमच्या घरीही तेच होते. दिवा उशाला ठेवून वाचत असेल तर तेवढे मोडा, डोळे शिणतात. आणि रोज भाकरी थापताना त्याला चुलीजवळ बसवून दोन पाने मोठ्याने वाचायला लावा. तुम्हाला गोष्ट पटली नाही तर तसे सांगा. त्या राजवाड्यात भांडी कोण घासते, हे तर नक्की विचारा. तो प्रश्न तुमच्याइतका दुसऱ्या कुणाला शोभणार नाही. 'फकिरा' त्याने वाचली नसेल तर आमच्याकडची प्रत घेऊन जा. पुठ्ठा नवा घातला आहे, आतली दोन पाने आईच्या हाताने चिकटवलेली आहेत, तेवढी जपून उलटायला सांगा.

आणि डब्यातून पुस्तक काढाल तेव्हा बेताने काढा. पानात कुठेतरी आगकाडीची खूण असेल, ती तांदळात पडायला नको.