बिननालीच्या घोड्याचे बूट व त्यांतील गादी

शेतीच्या कामांतून घोडा आज बहुतेक गेला आहे आणि मालाची ने-आण ट्रॅक्टर व टेंपो यांनीं आपल्याकडे घेतली आहे. तरीहि नांदेड व लातूर या जिल्ह्यांत घोडा बाळगणारीं घरें अद्याप आहेत. कोणी हौसेनें, कोणी वरातीच्या मिळकतीसाठीं, तर कोणी घराण्याची चाल म्हणून तो दावणीस ठेवतो. मार्गशीर्षांत लोहा तालुक्यांतील माळेगांवीं खंडोबाच्या यात्रेस गेलेल्या वाचकांस घोड्यांच्या बाजाराचें वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं. घोड्यास नाल न मारतां त्याचे खूर मोकळे ठेवावे व खडीच्या अगर डांबरी वाटेपुरते त्यांवर रबरी बूट चढवावे, ही रीत परदेशांत बरीच रुळली असून आपल्याकडेहि तिची चौकशी होऊं लागली आहे. त्या बुटांच्या तळाशीं जी गादी घालावयाची, ती कशी निवडावी याविषयीं आमचें मत आज मांडावयाचें आहे. विषय दिसावयास लहान आहे. पण लंगड्या घोड्यास बाजारांत कोणी विचारीत नाहीं, आणि दुखऱ्या पायाची तक्रार त्या मुक्या जनावरास करतां येत नाहीं.

गादी जितकी मऊ व जाड तितकी ती घोड्यास सुखाची, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमच्या मतें ही समजूत टाकून दिली पाहिजे. आपण आपल्या अंथरुणावरून घोड्याच्या पायाची कल्पना करतों, तेथेंच चूक होते. घोडा गादीवर निजावयाचा नसतो. त्यास तिच्यावर चालावयाचें असतें.

खुराची रचना नीट पाहिली असतां हें सहज समजेल. खुराची बाहेरची कठीण भिंत भार घेते. आंतला तळवा निरोगी घोड्यांत किंचित् खोलगट असतो. आणि टांचेकडून पुढें निमुळता होत गेलेला, रबरासारखा लवचिक असा एक त्रिकोण मध्यभागीं असतो. पाऊल पडतांच टांच किंचित् फांकते, हा त्रिकोण व त्याच्या वरची गादीसारखी पेशी धक्का झेलतात, आणि पाऊल उचलतांच सर्व पूर्ववत् होते. ही निसर्गानेंच दिलेली गादी होय. शिवाय उभ्या घोड्याचा सुमारें तीनपंचमांश भार पुढच्या दोन पायांवर असतो, म्हणून पहिली काळजी पुढच्या खुरांची घ्यावी. बुटांत घालावयाची गादी या नैसर्गिक क्रियेस मदत करणारी पाहिजे, तिला आडवी येणारी नव्हे.

नालेविरुद्ध आमचा कटाक्ष नाहीं. मराठी राज्यांत शिलेदारास आगाऊ द्यावयाच्या रकमेस 'नालबंदी' हेंच नांव होतें, यावरून त्या काळीं नालेचें महत्त्व किती मानीत हें दिसतें. उलट, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतील ग्रीक सेनानी झेनोफन यानें तबेल्याबाहेर गोल दगड पसरून त्यांवर घोडा उभा करावा, म्हणजे खूर टणक होतात, असें लिहून ठेवलें आहे. दख्खनच्या धनगरांबरोबर रानोमाळ फिरणारे भीमथडी जातीचे घोडेहि काटक पायांसाठीं नांवाजलेले आहेत. खूर टणक होतो तो रोजच्या फिरण्यानें. खुंट्यास बांधून ठेवलेल्या घोड्यास अशा खुराची अपेक्षा करतां येत नाहीं, आणि बुटांची गरज बहुधा त्यासच पडते.

आपल्या बाजूची अडचण निराळी आहे. धर्माबाद परिसराची काळी जमीन पावसाळ्यांत चिकट चिखल होते. त्या ओलींत चार महिने उभ्या असलेल्या घोड्याचा तळवा नरम पडतो. पुढें पाऊस उघडतो, लग्नसराई व यात्रा सुरू होतात, आणि तोच नरम पाय एकदम खडीवर पडतो. बुटांची खरी गरज या संधिकाळांत असते व गादीची निवड याच काळाचा विचार करून करावी.

निवडीचा पहिला नियम वजनाचा. हलक्या देशी तट्टास मध्यम मऊ गादी पुरते. भारी मारवाडी किंवा काठेवाडी घोड्याखालीं तीच गादी थोड्या फेऱ्यांत दबून कागदासारखी होते, आणि मग ती असून नसल्यासारखी. म्हणून वजन जितकें अधिक तितकी गादी घट्ट पाहिजे. परीक्षा सोपी आहे. घोडा गादीवर कांहीं वेळ उभा करावा व मग ती काढून पाहावी. खुराचा ठसा उमटला व थोड्या वेळानें भरून आला तर ती योग्य. ठसा मुळींच उमटला नाहीं तर फार कठीण. आणि ठसा तसाच राहिला तर ती टाकून द्यावी.

दुसरा नियम जाडीचा. सामान्यतः 6 मिलिमीटर जाडीनें काम भागतें. तळवा फार दुखरा असेल तरच 12 मिलिमीटरपर्यंत जावें. जाड गादीनें खूर बुटांत वर उचलला जातो, बूट ढिला धरतो आणि त्याची कड टांचेस घांसूं लागते. यासाठीं खूर तासून झाल्यावर त्याची लांबी व सर्वांत रुंद जागेची रुंदी मोजावी आणि बूट घेतांना गादी आंत घालूनच बसवून पाहावा. जोडीच्या दोन्ही पायांस एकाच जाडीची गादी असावी. एक पाय उंच व एक खालीं ठेवून चालविणें म्हणजे सांध्यांवर जुलूम होय.

तिसरा नियम जिनसाचा. पाणी न शोषणारा, बंद छिद्रांचा फोम आमच्या मतें सर्वांत सोयीचा. चपलांच्या तळव्यांस वापरतात त्याच जातीचा तो असतो. नमदा पायास चांगला, परंतु भिजला कीं वाळत नाहीं; म्हणून तो उन्हाळ्यापुरताच. चामडें ओलें होऊन वाळलें कीं कडक होतें. जुन्या टायरचा तुकडा टिकाऊ खरा, पण त्यांत लवचिकपणा थोडा. गोणपाट कधींच घालूं नये. त्यास सुरकुत्या पडतात व प्रत्येक सुरकुती खड्याप्रमाणें टोंचते. मधोमध उंचवटा असलेल्या गाद्याहि मिळतात. ज्याचा मधला त्रिकोण निरोगी असून जमिनीस टेंकत नाहीं अशा घोड्यास त्या उपयोगीं पडतात. तो त्रिकोण दुखरा असल्यास त्यांनीं त्रासच वाढतो.

वापरण्यांतहि विवेक पाहिजे. पहिल्या दिवशीं पाऊण तासाहून अधिक बूट ठेवूं नयेत आणि काढल्यावर टांचेची कातडी पाहावी. काम संपतांच बूट काढून खूर खरवडावा, गादी धुवून सावलींत वाळवावी. दोन जोड असल्यास उत्तम. दिवसरात्र बूट चढवून ठेवला तर आंत घाम व चिखल सांचून मधला त्रिकोण कुजतो. काळा स्राव व दुर्गंधी ही त्याची खूण. खुराची भिंत महिन्यास पाऊण ते एक सेंटिमीटर वाढते, म्हणून चार ते सहा आठवड्यांनीं ती तासलीच पाहिजे. वाढलेल्या खुराखालीं कितीहि चांगली गादी घातली तरी ती पैशाचा अपव्ययच होय.

येथें एक इशारा देणें आम्हांस अवश्य वाटतें. खूर हातास गरम लागत असेल, घोडा भार मागें टाकून उभा राहत असेल, अथवा धान्य अधिक खाल्ल्यानंतर एकाएकी चालावयास नाखूष झाला असेल, तर तो खुराच्या आंतला दाह असण्याचा संभव आहे. अशा वेळीं मऊ गादीनें उभें राहणें थोडें सुसह्य होईल, पण तो उपचार नव्हे. विलंब न करतां पशुवैद्य आणावा. उदगीर व परभणी येथें पशुवैद्यक महाविद्यालयें आहेत, त्यांचा सल्ला घ्यावा. गादीखालीं दुखणें झांकून घोडा वरातीस नाचविणें हें पाप आहे, असेंच आम्ही म्हणूं.

शेवटीं मंडळाच्या सभासदांस एक सूचना. प्रत्येकानें निरनिराळी गादी मागवून फसण्यापेक्षां घोडा बाळगणाऱ्या चार-पांच जणांनीं मिळून फोमचा एक मोठा ताव घ्यावा, दोन घट्टपणाचे नमुने ठेवावे व आपापल्या खुराच्या मापानें गाद्या कापून घ्याव्या. त्याचबरोबर गांवांत नालबंदाचा हात अजून टिकून असेल तर त्यास बोलावून निदान खूर तासण्याचें काम तरी देत जावें. नाल मारावयाची नसली तरी खूर ओळखणारा माणूस हवाच, आणि तो एकदां गेला म्हणजे कोणत्याहि दुकानांत विकत मिळणार नाहीं.