अळीच्या विषाणूत 'स्कोप' काय?

एमएस्सीला प्रोजेक्ट निवडायची वेळ आली की एक प्रश्न हमखास येतो, 'याला स्कोप काय?' कॅन्सर, स्टेम सेल म्हटलं की माना डोलतात. कुणी म्हणालं, 'मी अळ्यांच्या रोगावर काम करणार', तर वर्गात हशा आणि घरी काळजी. मला तो हशा खटकतो. कारण पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'कोवोव्हॅक्स', जिला डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याकडे आपत्कालीन मंजुरी मिळाली, त्या लसीतलं प्रथिन अळीच्या पेशींत आणि अळीच्याच विषाणूच्या मदतीने बनतं.

या विषाणूंचं नाव बॅक्युलोव्हायरस. हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी आपले शेतकरी 'एचएएनपीव्ही' फवारतात, तो याच कुळातला. रोग झालेली अळी शेंड्याकडे चढते, उलटी लटकते आणि अक्षरशः विरघळते. त्या पाण्यातून विषाणू पानांवर सांडतो. पण उघड्यावर टिकायचं कसं? ऊन आहे, पाऊस आहे. म्हणून तो पॉलिहेड्रिन नावाच्या प्रथिनाच्या स्फटिकात स्वतःला गाडून घेतो. हे प्रथिन त्याला ढिगाने लागतं. ती सोय करतो त्या जनुकाचा प्रमोटर, म्हणजे जनुक कधी आणि किती जोरात चालायचं हे ठरवणारा डीएनएचा तुकडा. पॉलिहेड्रिनचा प्रमोटर संसर्गाच्या अगदी शेवटी जागा होतो आणि मरायला टेकलेल्या पेशीकडून प्रचंड काम करून घेतो. (आपण मात्र 'प्रमोटर म्हणजे काय?' हे दोन मार्कांपुरतं पाठ करतो आणि सोडून देतो.)

टेक्सास ए अँड एम विद्यापीठात मॅक्स समर्स आणि गेल स्मिथ यांनी इथेच डोकं चालवलं. प्रयोगशाळेतल्या फ्लास्कमध्ये ना ऊन, ना पाऊस. मग तिथे पॉलिहेड्रिन हवंच कशाला? त्यांनी प्रमोटर तसाच ठेवला आणि त्याच्यापुढे माणसाच्या बीटा इंटरफेरॉनचं जनुक बसवलं. १९८३ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की कीटकाच्या पेशी माणसाचं प्रथिन बनवतात, तेही भरपूर. पुढे याच पद्धतीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची 'सर्व्हारिक्स' आली, २०१३ मध्ये अमेरिकेत 'फ्लूब्लॉक' ही फ्लूची लस आली.

गंमत पुढेच आहे. या कामात सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'एसएफ-९' पेशी ज्या किडीच्या, ती म्हणजे २०१८ पासून आपल्या मक्यावर तुटून पडलेली अमेरिकन लष्करी अळी!

म्हणजे ही पद्धत सर्वगुणसंपन्न आहे असं नाही. विषाणू पेशीला शेवटी मारतोच, त्यामुळे प्रत्येक बॅचला नव्याने संसर्ग करावा लागतो. कीटकाची पेशी प्रथिनावर ज्या साखरेच्या साखळ्या जोडते, त्या माणसासारख्या नसतात. म्हणून बहुतेक अँटिबॉडी औषधांसाठी सस्तन प्राण्यांच्याच पेशी वापरतात. पण ई. कोलायला न झेपणारी कितीतरी गुंतागुंतीची प्रथिनं या पेशी नीट घडी घालून देतात.

'प्रत्येक अळीतून लस थोडीच निघते?' असं कुणी म्हणेल. नाही निघत. बहुतेक प्रोजेक्ट कपाटातच जातात, कॅन्सरवरचेसुद्धा. माझी तक्रार वेगळी आहे. अॅग्रीचा विद्यार्थी घाटेअळ्या गोळा करतो, बायोटेकचा विद्यार्थी 'एसएफ-९'बद्दल पुस्तकात वाचतो आणि आपण एकाच विषाणूकुळाबद्दल बोलतोय याचा दोघांनाही पत्ता नसतो. या दोघांनी मिळून एक प्रोजेक्ट केला तर? हिवाळ्यात हरभऱ्याच्या शेतात जायचं, उलट्या लटकलेल्या अळ्या शोधायच्या आणि त्यातला थेंबभर द्रव काचपट्टीवर घ्यायचा. पॉलिहेड्रिनचे चमकदार स्फटिक कॉलेजच्या साध्या मायक्रोस्कोपखालीही दिसतात.