गावाला जन्मतारीख देणाऱ्या बाई

बेळगावच्या मराठी दैनिकांतल्या निधन वार्तांचा साचा ठरलेला आहे. गाव, नाव, वय, ‘अल्पशा आजाराने निधन’, मग ‘त्यांच्या पश्चात’ मुलगे, मुली, सुना, जावई, नातवंडे आणि शेवटी रक्षाविसर्जनाची वेळ. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातले कितीतरी वाचक सकाळच्या चहाबरोबर आधी हेच पान उघडतात. या चार ओळींत कधीतरी ‘निवृत्त मुख्याध्यापिका’ असे दोन शब्द येतात. बेळगावजवळचं कंग्राळी खुर्द असो की कंग्राळी बुद्रुक (बोलण्यात केएच आणि बीके), त्या दिवशी गावातल्या तीन पिढ्यांचे फोन एकदम वाजू लागतात. बाई गेल्या. कुठल्या बाई, हे विचारावं लागत नाही.

पस्तीस-चाळीस वर्षांच्या नोकरीचे दोन शब्द. बाकी सगळी जागा नातेवाइकांची.

या बाईंनी गावाला काय दिलं याचा एक पुरावा आधार कार्डावर मिळतो. पन्नाशी-साठीच्या पिढीत १ जूनला जन्मलेली माणसं गल्लोगल्ली भेटतात. नवरा १ जूनचा, बायको १ जूनची, धाकटा दीरही १ जूनचाच. एवढी बाळंतपणं एकाच दिवशी झाली नव्हती. मुलाला पहिलीत घालायला आई यायची, तेव्हा जन्मतारखेचा दाखला तिच्याकडे नसायचा. “लय पाऊस झाला त्या साली,” किंवा “थोरलीच्या पाठीवर दोन वर्सांनी,” एवढाच हिशोब. मग बाई पोराला समोर उभं करायच्या आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायच्या. बोटं कानाला लागली की पोरगं शाळेच्या वयाचं झालं. शाळा जूनमध्ये सुरू होणार, म्हणून १ जूनला सहा वर्षं पुरी धरून मागचं साल मांडायचं आणि जनरल रजिस्टरात तारीख लिहायची. पुढे तीच एसएसएलसीच्या प्रमाणपत्रावर, तीच नोकरीच्या सर्व्हिस बुकात, तीच पेन्शनच्या कागदावर. आज फेसबुकवर तिलाच शुभेच्छा येतात.

अशा रजिस्टरांची किंमत अलीकडे सगळ्यांनाच कळली. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा शाळांची जुनी प्रवेश रजिस्टरंही कपाटांतून बाहेर निघाली. गुरुजींनी आणि बाईंनी बोरूने, टाकाने लिहिलेली एकेक ओळ पुरावा ठरली. गावातल्या प्रत्येक पोराची नोंद त्यात सापडते. ती लिहिणाऱ्या बाईंची मात्र सही तेवढी असते.

सीमाभागात या सहीमागे आणखी एक कसरत असते. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. शाळा मराठी राहिल्या, खातं कन्नड झालं. वर्गात मराठी बाराखडी आणि टेबलावर कन्नड परिपत्रक, असा दिवस सुरू झाला. कित्येकजणी नोकरीत लागल्यावर कन्नड लिहायला शिकल्या, कारण बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला जाणारा कागद कन्नडमध्येच लागतो. पुढे कामं वाढतच गेली. अक्षर दासोहच्या माध्यान्ह आहाराचा तांदूळ-डाळ मोजून घ्यायची, २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेची दूध पावडर आली तिचा हिशोब ठेवायचा, नंतर अंडी आली. अंडं न खाणाऱ्याला केळं. शिवाय शाळा सुधारणा कमिटीची बैठक, ऑनलाइन माहिती भरणं. यातून वेळ उरला तर चौथीचं गणित.

हे काम सांगायला गेलं तर कंटाळवाणं वाटतं, म्हणून ते कुणी सांगत नाही. बेळगावातलंच उदाहरण घ्या. निपाणीजवळच्या तवंदीत बालपण गेलेल्या इंदिरा संत बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात आधी अध्यापिका आणि मग प्राचार्या होत्या. प्राथमिक शिक्षिका घडवण्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. १९४६ मध्ये पती ना. मा. संत गेल्यावर घर याच नोकरीवर चाललं. १३ जुलै २००० रोजी त्या गेल्या तेव्हा महाराष्ट्राने कवयित्रीला आदरांजली वाहिली आणि ते योग्यच होतं. ‘शेला’, ‘मेंदी’, साहित्य अकादमी मिळालेला ‘गर्भरेशीम’ यांवर भरभरून लिहिलं गेलं. नोकरीचा उल्लेख मात्र बहुतेक ठिकाणी एका वाक्यात संपतो. त्यांच्या हाताखाली तयार होऊन खेड्यापाड्यांत गेलेल्या शिक्षिकांना बाईंचा तास कसा वाटायचा, हे कुणी पानं भरून लिहिलेलं सहसा वाचायला मिळत नाही.

ज्यांचं काम पानं भरून वाचता येतं, अशा बाईही आहेत. अनुताई वाघ यांची गोष्ट तर कुठल्याही खेड्यातल्या मुख्याध्यापिकेला ओळखीची वाटेल अशी सुरू होते. जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. त्या काळी अशा मुलीपुढे स्वयंपाकघराचा कोपरा एवढंच काय ते ठेवलेलं असे. अनुताई ‘फायनल’ परीक्षा पास झाल्या, ट्रेनिंग केलं आणि १९२९ मध्ये निफाड तालुक्यातल्या चांदोरीला शिक्षिका झाल्या. तिथून पुण्याच्या हुजूरपागा शाळेत गेल्या. दिवसा शिकवून रात्रशाळेतून १९३७ साली मॅट्रिक झाल्या. बी.ए. व्हायला १९६१ उजाडलं. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती.

मध्ये १९४५ साली ताराबाई मोडक भेटल्या होत्या. ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला बालशिक्षणाचं काम केलं होतं; दादरचं शिशुविहारही त्यांचंच. शहरातल्या मुलांसाठी माँटेसरीची साधनं विकत मिळत होती. दोघींनी काम सुरू केलं त्या समुद्रकाठच्या बोर्डीत ती परवडणार नव्हती आणि पोरं शाळेच्या पायऱ्याही चढत नव्हती. मग दोघी बाई उठून वस्तीत गेल्या. एखाद्या घराचं अंगण झाडून घ्यायचं, पोरांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे आणि तिथेच शाळा भरवायची. मोजायला शंख-शिंपले, चिंचोके, बिया, रंगांसाठी पानं-फुलं. पुढे बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलं गुरं राखायला जायची, तर शिक्षक कुरणात जाऊ लागले. त्या शाळेला नाव पडलं कुरणशाळा. गुरं चरत राहायची आणि पोरांचं शिकणं चालू राहायचं. धाकट्या भावंडाला काखेत घेऊन आलेल्या मुलीला ‘त्याला घरी ठेवून ये’ असं तिथे कुणी सांगितलं नाही. ते भावंडही सामावून घेतलं जाई, म्हणून मुलगी शाळेत टिके.

भारत सरकारने २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. तिच्या केंद्राचं ‘अंगणवाडी’ हे नाव बोर्डीच्या त्या झाडलेल्या अंगणांतून आलं आहे. आज कंग्राळीतली आजी नातवाला ‘अंगणवाडीत सोडून ये’ म्हणते आणि बागलकोटची कन्नड आजीही ‘अंगनवाडी’च म्हणते. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. अनुताई २७ सप्टेंबर १९९२ ला जाईपर्यंत कोसबाडलाच राहिल्या. १९८५ ची पद्मश्री त्यांना तिथेच असताना मिळाली. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. त्यामुळे त्या नुसत्या ‘थोर समाजसेविका’ उरल्या नाहीत. शाळेत पोरगं का आलं नाही याचा छडा लावत वस्तीत फिरणारी बाई त्यातून दिसते.

कंग्राळीहून कोसबाड लांब पडतं, पण कोल्हापूर दोन-अडीच तासांवर आहे. तिथे लीलाताई पाटील यांनी १९८५ साली ‘सृजन आनंद विद्यालय’ काढलं. लीलाताई म्हणजे कादंबरीकार ना. सी. फडके यांच्या कन्या. शिक्षक-प्रशिक्षणातली नोकरी संपवून, ज्या वयात माणसं नातवंडं खेळवतात त्या वयात त्यांनी लहान मुलांची शाळा थाटली. मुलांना भीती वाटली तर शिकणं थांबतं, या एका गोष्टीवर त्या अडून बसल्या. त्यांनी जे केलं ते लिहूनही ठेवलं. ‘ऐलमा पैलमा शिक्षण देवा’ किंवा ‘लिहिणं मुलांचं, शिकवणं शिक्षकांचं’ ही पुस्तकं म्हणजे वर्गातल्या कामाच्या नोंदीच आहेत. दुसऱ्या गावातला शिक्षक ती वाचून उद्याचा तास बदलू शकतो.

लीलाताई १५ जून २०२० ला गेल्या, वयाच्या ९३ व्या वर्षी. महाराष्ट्रातल्या शाळा एरवी ज्या दिवशी उघडतात तोच हा दिवस. त्या वर्षी कोरोनामुळे शाळांना कुलपं होती. निपाणीच्या पलीकडे कोगनोळी नाक्यावर पासाशिवाय गाडी सुटत नव्हती आणि महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्याला क्वारंटाइन व्हावं लागत होतं. सीमाभागातल्या शिक्षकाला मनात असूनही कोल्हापूर गाठणं सोपं नव्हतं. पुस्तकं तेवढी हाताशी होती.

प्रत्येक बाई पुस्तक लिहिणार नाही. पण विद्यार्थ्यांना कुणी अडवलंय? सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्या शाळांत काय शिकवलं जात होतं, याची सर्वांत ठसठशीत साक्ष एका विद्यार्थिनीने दिलेली आहे. मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. इनमिन तीन वर्षं शिकलेली ती मुलगी धर्माला, राज्याला रोखठोक प्रश्न विचारते. सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. त्यांच्या पुतळ्यांना दरवर्षी हार पडतात. त्यांच्या शाळेतलं वातावरण मात्र मुक्ताच्या निबंधातून कळतं.

सध्या सीमाभागात माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यांचा हंगाम जोरात असतो. फेटे, फ्लेक्स, ढोल-ताशा, शिक्षकांना शाल-श्रीफळ, शेवटी जेवण. हे मेळावे दहावीच्या बॅचचे असतात, त्यामुळे व्यासपीठावर हायस्कूलचे सर बसतात. डावा कान धरायला लावणाऱ्या प्राथमिकच्या बाईंना आमंत्रण क्वचितच जातं. मेळाव्याच्या वर्गणीतून दोनशे पानी एक वही सहज येईल. प्रत्येकाने त्यात आपल्या बाईंविषयी अर्धं पान लिहावं. ‘मायाळू होत्या, शिस्तप्रिय होत्या’ हे नको, ते निधन वार्तेत येतंच. फीचे पैसे नव्हते तेव्हा बाई काय म्हणाल्या, ऊसतोडीला गेलेल्या घरचं पोरगं परत वर्गात कसं बसवलं, कन्नडचा पहिला धडा कसा घेतला, शाळा गळत होती तेव्हा पहिली-दुसरी कुठे बसवली, मुलीची शाळा बंद करायला निघालेल्या बापाला कोणत्या शब्दांत झापलं, असं लिहावं. झालेली वही शाळेच्या कपाटात जनरल रजिस्टराशेजारी ठेवावी.

आणि बाई हयात असतील तर वही आधी त्यांच्याच हाती द्यावी. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना लाल गोल पडतील, त्याची तयारी ठेवूनच.